लोलक काढलेली घंटी

आमच्या बँडचं वेळापत्रक म्हशींनी ठरवलेलं आहे. हसू नका. रविवारी दुपारी बारा ते साडेतीन, पुढं एक मिनिट नाही, कारण चार वाजता धारा काढायची वेळ होते आणि आमचा घंटी वाजवणारा उठून चालायला लागतो. गाणं कितीही रंगात आलेलं असो. ट्रम्पेटवाला कुठंतरी वरच्या सुरात जाऊन बसलेला असतो, त्याला खाली उतरायचं असतं, आणि हा बाबा काठी खिशात घालून म्हणतो, "चलतो अक्का, म्हशी वरडाय लागल्या असतील." पहिल्या पहिल्यांदा माझं डोकं असं फिरायचं म्हणून सांगू!

मी बेस गिटार वाजवते. वय एक्कावन्न, नोकरी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, क्वालिटी खात्यात. साच्यातून निघालेलं कास्टिंग हातोडीनं ठोकायचं, आवाज ऐकायचा आणि आत भेग आहे का ते सांगायचं. बावीस वर्षं हेच केलंय. कोल्हापूरची बाई आहे, बोलताना "मी येतो, मी जातो"च म्हणते, लिहिताना तेवढं सांभाळून घेतलंय. स्वभाव तापट आहे हे कुणीही सांगेल. पण माझ्या कानाचा मला फार गर्व आहे, हे मात्र माझं मलाच सांगावं लागेल, कारण पुढं जे झालं त्यात त्या गर्वाचाच हात होता. एका घंटीपायी एक बाप आणि त्याचा मुलगा एकमेकांशी बोलायचे बंद झाले, आणि त्या घंटीला पक्कड लावणारी मी होते.

हे खूळ डोक्यात घुसलं ते फाउंड्रीतच. लॅटिन अमेरिकेतला एक इंजिनिअर दोन महिने आमच्याकडं माल तपासायला आला होता. रोज सकाळी आम्ही एकाच गाडीतून कागलला जायचो आणि तो त्याच्याकडची गाणी लावायचा. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, हे काय बाबा, सगळे एकाच वेळी बोलतायत! दुसऱ्या आठवड्यात माझा पाय हलायला लागला. तिसऱ्या आठवड्यात मी त्याला विचारलं, हे करतात कसं? मग त्यानं हातानं डॅशबोर्ड बडवून दाखवलं. खाली ढोल आणि बेस जमिनीला घट्ट धरून ठासून वाजवणार, त्यांच्या मधे एक घंटी आडवीतिडवी चालत राहणार, आणि वर एकजण सुटणार, त्या क्षणी मनाला येईल ते वाजवणार. आमच्या पेठेतल्या भजनात एखादा बुवा अभंगाच्या मधेच सुटतो आणि टाळकरी त्याला पडू देत नाहीत, तसंच हे. जाताना तो मला एक पेनड्राइव्ह देऊन गेला. तेवढ्यावर मी बँड काढला.

म्हणजे माणसं गोळा केली. लग्नाच्या बँडमधला एक ट्रम्पेटवाला, जो वरातीत तीच तीच गाणी वाजवून विटला होता. टायरच्या दुकानातला एक ड्रमवाला. कीबोर्डवर कॉलेजातले एक प्राध्यापक. जागा मिळाली तालमीच्या माडीवर. खाली पैलवान जोर मारायचे, वर आम्ही. एकदा वस्ताद वर येऊन म्हणाले, "तुमचं ते दुसरं गाणं जरा सावकाश घ्या की, पोरांच्या बैठका लय जोरात व्हाय लागल्यात." आता याला दाद म्हणायची का तक्रार, तुम्हीच ठरवा.

सगळं जमलं, घंटी जमेना. मी ऑनलाइन एक मागवली होती, काळी, चपटी, परदेशी. आमच्या गल्लीत दूध घालणारा एक तिशी ओलांडलेला गडी होता, वडिलांबरोबर आठ म्हशी सांभाळायचा. तालमीतही त्याचं दूध यायचं. एका रविवारी किटली घेऊन तो माडीवर आला आणि माझी घंटी हातात घेऊन त्यानं वाजवली.

"ही घंटी व्हय? ह्येनं म्हस पळून जाईल की अक्का."

"मग तू आण शहाण्या, तुझ्याकडची चांगली."

मी आपली चिडून बोलले. पुढच्या रविवारी तो खरंच घेऊन आला. मुठीपेक्षा जरा मोठी, काशाची, वापरून वापरून काठ गुळगुळीत झालेली. काठीनं एकदा टोला दिला आणि मी सांगते, माझ्या अंगावर काटा आला. बावीस वर्षांत इतका स्वच्छ आवाज मी ऐकला नव्हता. फक्त आतला लोलक मधेच हलून टिणटिण करायचा. मला ते सहन होईना. मी हत्यारांच्या पिशवीतून पक्कड काढली, कडी उघडली आणि लोलक काढून गिटारच्या पिशवीच्या कप्प्यात टाकला.

"अक्का, ह्यो परत लावाय लागंल हां," तो म्हणाला.

"लावू की. कुठं पळतोय?"

ही घंटी कुणाची, ते त्यानं त्या दिवशी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. ते नंतर कळलं. त्यांच्या घरात एक रीत आहे. म्हैस मेली की तिची घंटी गोठ्यातल्या तिच्याच खुंटीला टांगायची, आणि तिची लेक पहिल्यांदा व्याली की पाचव्या दिवशी ती लेकीच्या गळ्यात बांधायची. तोवर तिला कुणी हात लावायचा नाही. त्यांची एक म्हातारी म्हैस त्या उन्हाळ्यात गेली होती. तिची लेक गाभण होती, पहिलारू. हा गडी रविवारी घंटी गुपचूप काढायचा आणि साडेतीनला परत नेऊन टांगायचा. खुंटीवरच्या घंटीला कोण हात लावून बघतंय? वडिलांना वाटायचं, पोरगं ताशाबिशा बडवायला जातंय.

आता त्याच्या वाजवण्याबद्दल. तीन ठोके बरोबर पडायचे, चौथा केसभर उशिरा. दर वेळी. मी मोबाइलवर ठेका मोजणारं ॲप लावलं, त्याच्या कानाशी धरलं, ओरडले, टेबल बडवलं. तो मान डोलवायचा, "व्हय अक्का, व्हय अक्का," आणि चौथा ठोका परत उशिरा. शेवटी ट्रम्पेटवाल्यानं मला बाजूला घेतलं. "तुमी त्येला सोडा. तुमी त्येच्याबरोबर चाला." मी रागारागातच बेसचा चौथा सूर त्याच्यासाठी थांबवून धरला. आणि काय सांगू! सगळं गाणं एकदम डुलायला लागलं. पेनड्राइव्हवरच्या लोकांसारखं नाही, पण त्यांच्या शेजारी जाऊन बसावं असं. खालून एक पैलवान ओरडला, "नाद खुळा!"

त्यानंतर मी काय केलं असेल? जो भेटेल त्याला सांगत सुटले, की बघा, दूध घालणारा गडी, त्याला मी लॅटिन ठेका शिकवला. त्याच्यासमोर सांगायची. तो नुसता हसायचा.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या पेठेत म्हशींची मिरवणूक असते. शिंगं रंगवलेली, वर मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा. मालक सायलेन्सर काढलेली गाडी पुढं पळवतात आणि म्हैस त्या आवाजामागं धावते. आमच्या गड्याच्या वडिलांना, आबांना, ते अजिबात मान्य नव्हतं. "गाडीमागं कुनीबी पळंल. मालकाच्या आवाजाला आली पायजे." ते गल्लीच्या टोकाला उभे राहायचे आणि एकच लांब हाक मारायचे. दुसऱ्या टोकाला सोडलेली म्हातारी म्हैस सगळ्या गर्दीतून वाट काढत, लंगडत का होईना, सरळ त्यांच्यापाशी यायची आणि त्यांच्या खांद्यावर तोंड टेकायची. वर्षानुवर्षं लोक ते बघायला यायचे. त्या वर्षी पहिल्यांदाच लेकीची पाळी होती. आबांनी चार महिने तिला शिकवलं होतं.

आणि ट्रम्पेटवाल्यानं त्याच मिरवणुकीत आमचा बँड ठरवला होता. ट्रॉलीवर चढून वाजवायचं. पहिल्यांदाच लोकांसमोर! मी तर दोन दिवस झोपले नव्हते. आमचा गडी म्हणाला, "अक्का, मी पाडव्याला नको." मी त्याला झापलं. घंटीशिवाय आम्ही काय वाजवणार, कपाळ? तो आला.

आबा गल्लीच्या त्या टोकाला उभे राहिले. आमची ट्रॉली मधे, चौकात. लेकीला सोडलं. आबांनी हाक मारली. ती निघाली, दहा-बारा पावलं बरोबर गेली, आणि नेमकं त्याच वेळी आम्ही गाणं सुरू केलं. घंटी वाजली. लेक थांबली. कान पुढं झाले. आबांनी परत हाक मारली. ती वळली आणि सरळ आमच्या ट्रॉलीकडं आली, फळीवर मान टाकली आणि आमच्या गड्याच्या पायाला तोंड घासायला लागली. लोक हसले. शिट्ट्या वाजल्या. मोबाइल वर झाले. कुणीतरी ओरडलं, "आबा, म्हशीनं पार्टी बदलली!"

आबा चालत आले. गर्दी आपोआप बाजूला झाली. त्यांनी मुलाच्या हातातून घंटी घेतली, उलटी करून आत बघितलं.

"लोलक कुठाय?"

त्यानं खाली मान घातली. "हरवला."

लोलक माझ्या गिटारच्या पिशवीत होता, माझ्यापासून दोन हातांवर. एवढं तोंड असलेली बाई मी, फाउंड्रीत मॅनेजरला उभं-आडवं घेते, आणि तिथं मूग गिळून बसले. का, ते आजही मला नीट सांगता येत नाही. शेकडो माणसं बघत होती. मी घाबरले, एवढंच खरं.

त्या दिवसापासून आबा मुलाशी बोलेनात. गोठ्यात दोघं समोरासमोर बसून धारा काढायचे आणि मधे शब्द नाही. गडी तालमीत यायचा बंद झाला. जानेवारीत नाट्यगृहात आमचा कार्यक्रम ठरला होता आणि बँडमध्ये जीव उरला नव्हता. मी काय केलं? अहो, फाउंड्रीत साहेबांना सांगून एक घंटी ओतून घेतली! बिडाची. थंड झाल्यावर ठोकली तर पाट्यावर वरवंटा आपटावा तसा आवाज. माझ्या हातानं तिच्यावर नापासाची लाल खूण मारली आणि भंगारात टाकली. परत जाऊन खरं सांगायचं सोडून हे असले उद्योग.

मग ट्रम्पेटवाल्याकडून कळलं की लेक व्याली. पाचवीला घंटी बांधायची, पण आबा अडून बसलेत. मुलानं बाजारातून नवीन लोलक आणला तो त्यांनी उकिरड्यावर फेकला. "म्हातारीचाच पायजे. न्हाईतर बांधायची न्हाय." मुलानं अजूनही माझं नाव घेतलं नव्हतं. हे ऐकलं आणि माझी मलाच लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी पाचवी होती. कागलहून सुटल्यावर कंपनीच्या बसमधून उतरले ती तशीच गोठ्यात गेले, रुमालात लोलक आणि पर्समध्ये पक्कड.

साडेचार झाले होते. आबा एका म्हशीखाली बसलेले, मुलगा वैरण टाकत होता. मला बघून त्याचा चेहरा पडला. त्यानं मानेनंच "नको" म्हणून सांगितलं. मी ऐकते होय?

"आबा, लोलक हरवला न्हवता. मी काढलावता. माझ्याकडं हाय." मी रुमाल उघडला. "त्येची काय चूक न्हाय. त्यो मला परत लाव म्हणलावता."

आबांनी धार थांबवली नाही. "बाई, बसा. आधी खरवस खावा, मग भांडू."

आतून बशी आली. मी खाल्ला. तेवढा गोड खरवस मला कधी इतका जड गेला नव्हता. बशी खाली ठेवल्यावर आबा म्हणाले, "तुमी ट्रॉलीवर व्हता की त्या दिवशी. मी इचारलं तवा ऐकू आलं न्हवतं काय?"

"आलं होतं."

"मग?"

"भ्यालो आबा."

ते धार सोडून उठले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी खुंटीवरची घंटी काढून माझ्या हातात दिली. "लावा. तुमीच काढलाय, तुमीच लावा."  कडी दाबायला तीन वेळा पक्कड घसरली. लागला एकदाचा. आबांनी हलवून बघितला, मान हलवली.

आणि मग, मुलाकडं न बघता, महिन्याभरात पहिल्यांदा त्याच्याशी बोलले. "काय वाजवत हुतास तवा? वाजव बघू."

घंटी आबांच्या हातात होती. मुलानं इकडंतिकडं बघितलं, दुधाची रिकामी चरवी उचलली, पालथी मांडीवर घेतली आणि काठीनं तिच्या काठावर सुरू केलं. तीन ठोके सरळ, चौथा केसभर उशिरा. तीन सरळ, चौथा उशिरा. आबांचा हात घंटीवरच थांबला.

"ह्ये कुठं शिकलास?"

मी तोंड उघडलंच होतं. खरं सांगते, इतकं होऊनही माझ्या तोंडावर आलं होतं, की मी शिकवलं.

"शिकलो न्हाय आबा. येतंय," तो म्हणाला.

"येतंय म्हणं! आरं, म्हातारीचं चालणं हाय ह्ये." आबा पुढं सरले. "महापुरात पाण्यातनं काढताना तिचा मागचा पाय गेला. तवापास्नं तीन पाय टाकायची आन् चवथा वढत आणायची. रोज तिला धुवायला तू न्हेत हुतास. मागनं घंटी ऐकत." त्यांनी लेकीकडं बघितलं. "म्हणून ती लेक वळली. माझी हाक ऐकून बी वळली. तिला वाटलं, आय आली."

 मुलगा काठी हातात धरून रडत होता, तिशीतला गडी, लहान पोरासारखं नाक पुसत. आणि मी क्वालिटीची बाई, इतके महिने ॲप घेऊन तो चौथा ठोका दुरुस्त करत बसले होते!

आबांनी घंटीच्या पट्ट्याला हळदकुंकू लावलं आणि ती लेकीच्या गळ्यात बांधली. दावं सोडून तिला अंगणात दोन फेऱ्या मारून आणलं. घंटी वाजत होती, एक, दोन, तीन, चार, सगळे ठोके सारखे. आबा कान देऊन ऐकत राहिले.

"ही धड चालती," ते म्हणाले. बरं वाटलं त्यांना आणि वाईटही वाटलं, दोन्ही त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग मुलाला म्हणाले, "घंटी हिच्याकडं ऱ्हाऊ दे. म्हातारीचं चालणं तेवढं तू ठेव."

कार्यक्रम रविवारी दुपारीच घेतला, धारांच्या आधी. आमचा गडी चरवी घेऊन बसला. आवाज घंटीइतका स्वच्छ नाही, पण मी त्याला हात लावला नाही. कुणाला काही शिकवल्याचंही सांगत नाही आता. आबा पहिल्या रांगेत धुतलेला फेटा बांधून आले होते. ट्रम्पेटवाला वर सुटला, टाळ्या पडल्या, पण आबांचं तिकडं लक्ष नव्हतं. ते डोळे मिटून बसले होते. उजव्या हाताची मूठ गुडघ्यावर आवळलेली, दावं धरावं तशी, आणि दर चौथ्या ठोक्याला ते ती मूठ जरा सैल सोडत होते, मागून येणारीला वेळ मिळावा म्हणून.